सोलापुरात हॉटेल बांधतोय : रस्त्याकडे तोंड करावं की पाठ?

वेशीबाहेर
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज मदत हवी म्हणून धागा काढतोय.

नवी पेठेच्या मागे, स्टेशनकडे निघणाऱ्या एका बोळवजा रस्त्यावर आमचं जुनं लॉज आहे. आजोबांनी बांधलेलं, १८ खोल्यांचं. ते पाडून ४० खोल्यांचं हॉटेल करायचं घरात ठरलंय. पुण्याच्या आर्किटेक्टने पहिला आराखडा दिला. दिसायला झकास आहे. समोरून पूर्ण काच, काचेपुढे गाडीतून उतरायला पोर्च, पोर्चपुढे पाच फूट उंच कंपाउंड, गेटवर वॉचमनची खोली.

पण त्या आराखड्यात रस्ताच नाही. आज लॉजसमोर कडुनिंब आहे. त्याखाली चहाची गाडी, चपला शिवणारे एक काका आणि उन्हाळ्यात रसाचं गुऱ्हाळ. लॉजच्या तीन पायऱ्यांवर कायम कुणीतरी टेकलेलं असतं. नव्या आराखड्यात निंबाच्या जागी पोर्चचा खांब येतो.

वडिलांचं म्हणणं : "रस्त्याला दार उघडलं की रस्ता आत येतो. पैसे मोजणाऱ्या माणसाला शांतता पाहिजे." मला उलटं वाटतं, पण त्यांच्यापुढे ते धड मांडता येत नाही. गावातल्या हॉटेलचा तळमजला रस्त्याशी नातं ठेवणारा कसा करावा? प्लॉटची रुंदी ५२ फूट, तोंड पश्चिमेला.

कडकभाकरी
हॉटेल म्हणजे खायचं का राहायचं ते सांग की बे आधी. सोलापुरात हॉटेल म्हटलं की आम्हाला भजीच दिसायलीत.

वेशीबाहेर
राहायचं. खाली खायची सोय असेल.

कडकभाकरी
मग अर्धा प्रश्न सुटला. भजीचा वास रस्त्यावर सोड, रस्ता आपोआप जोडला जातोय.

रेखांश
रुमाल टाकून ठेवते. रात्री लिहीन.

रात्रपाळी
बावीस वर्षं काउंटरला काढलीत, त्यातली सोळा रात्रीची. सोलापुरातच. कुठल्या हॉटेलात ते विचारू नका.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस गेली की स्टेशनकडच्या रस्त्याचा रंग बदलतो. पिऊन आलेला, नुसतं बाथरूम मागणारा, खोली न घेता सोफ्यावर पहाट काढू बघणारा, असे सगळे दारात येतात. दार उघडं ठेवायचं तर ते सांभाळायला माणूस लागतो. त्या माणसाचा पगार आर्किटेक्ट देत नाही.

तरी एक सांगतो. आमच्याकडे पूर्वी काउंटर दाराच्या तोंडाशीच होतं. रिक्षा थांबली की उतरणाऱ्याच्या चालीवरून मला कळायचं, हा तुळजापूरहून दमून आलेला आहे का भांडून आलेला आहे. पाण्याची बाटली आधी पुढे करायची का रजिस्टर, ते तेवढ्यात ठरायचं. नंतर नूतनीकरण झालं आणि काउंटर आत लिफ्टसमोर गेलं. आता रस्ता मला सीसीटीव्हीच्या चार इंची चौकोनात दिसतो. भांडण दारात येऊन आदळेपर्यंत पत्ता लागत नाही. काच लावा नाहीतर विटा लावा, काउंटरवरच्या माणसाचं तोंड तेवढं रस्त्याकडे ठेवा.

माळवद
+१. शेवटचं वाक्य छापून आर्किटेक्टला पाठवा.

रेखांश
आले. मी आर्किटेक्ट आहे. सोलापूरची नाही, पण माहेर बार्शीचं, त्यामुळे ऊन माहीत आहे.

आधी काचेबद्दल. काच लावली की आतलं-बाहेरचं एक होतं, हा गैरसमज आमच्याच लोकांनी पसरवलाय. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, त्यामुळे रस्त्यावरून काच आरशासारखी दिसते. येणारा-जाणारा तिच्यात केस नीट करतो, आतलं त्याला काही दिसत नाही. त्यात तुमचं तोंड पश्चिमेला. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा वरचा छज्जा पुरतो. पण चार वाजता ऊन तिरकं खाली येतं आणि कितीही छज्जा काढा, सरळ काचेवर आदळतं. मग आतून जाड पडदे ओढले जातात, एसी वाढवला जातो, आणि मार्च ते जून तुमची पारदर्शक लॉबी म्हणजे पडद्याची भिंत होते. आठ-नऊ फूट खोल ओसरी, तिच्या वरच्या भागाला जाळी आणि पुढे झाड, एवढ्यानं ऊन अडतं आणि माणूस दिसतो. झाड तर तुमच्याकडे फुकट उभं आहे. शिवाय महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, परवानगीशिवाय निंबाला हात लावता येणार नाही. हे वडिलांना जरूर सांगा. कधीकधी कायदा सौंदर्यापेक्षा लवकर पटतो.

दुसरं म्हणजे, रस्त्याकडे पाठ करणारी हॉटेलं काही आपल्याकडेच झाली असं नाही. अमेरिकेत अटलांटात १९६७ साली जॉन पोर्टमन या आर्किटेक्टने २२ मजली उंच अंगण असलेलं हॉटेल बांधलं. आतून माणूस थक्क व्हायचा. कारंजी, काचेच्या लिफ्ट, सगळी गंमत आत, आणि रस्त्याला मात्र बरीचशी कोरी भिंत. त्याच्याच लॉस एंजेलिसच्या हॉटेलबद्दल तर, रस्त्यावरून आत शिरायचं दार सापडत नाही, अशी टीका कायम होत आली. हुशार माणूस होता, पण त्या हॉटेलांनी आपलं गाव पोटात घातलं आणि बाहेरचं गाव उपाशी ठेवलं.

गाळेवाला
ताई, अभ्यास चांगला आहे, पण ५२ फूट तोंडाच्या जागेत ओसरी काढायची म्हणजे सोन्याच्या जागेत गोठा बांधायचा. माझा सल्ला साधा आहे. समोर तीन गाळे काढा, मधून हॉटेलचा जिना. गाळ्यांच्या भाड्यात बँकेचा हप्ता निघतो. रस्ता पण जिवंत राहतो, दुकानं असतात ना. सगळा भारत असाच बांधलाय.

रेखांश
गाळ्यांना माझा विरोध नाही. पण संध्याकाळी तुमच्या तीन गाळ्यांसमोर उभे राहून बघा. दुकानं चालू असतात तोवर सगळं छान. नऊला शटर पडलं की ५२ फुटांतले ४४ फूट म्हणजे पत्र्याची भिंत, आणि हॉटेलचं दार त्यातली आठ फुटी फट. हॉटेल हा गल्लीतला रात्रभर जागा असणारा एकटा धंदा. त्याचं तोंड शटरमागे लपवण्यात काय अर्थ आहे?

गाळेवाला
हप्ता तुम्ही भरणार का?

कडकभाकरी
लागली. बसा आता पॉपकॉर्न घेऊन. सोलापुरात असाल तर खारा बुंदी.

पूर्वभाग
गाळे विरुद्ध ओसरी या भांडणात मला आमची गल्ली आठवली. आम्ही पद्मशाली, अशोक चौकाकडे राहतो. लहानपणी घरात पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाकघर. माग खोलीभर, म्हणून बसायचं सगळं ओट्यावर. आमची अम्मा आणि शेजारच्या चार जणी मांडीवर सूप घेऊन ओट्यावर विड्या वळायच्या. घरात उजेड नाही आणि एकटीला कंटाळा येतो, म्हणून बाहेर. त्यांचं लक्ष हातातल्या पानाकडे असायचं, पण गल्लीत नवा माणूस शिरला की पहिला प्रश्न तिथूनच, तेलुगूत आणि मग मराठीत : "कोण पाहिजे?" आम्ही पोरं शाळा बुडवून कुठून शिरायचं याचे नकाशे काढायचो, त्या पाच सुपांना चुकवून.

सांगायचा मुद्दा असा, की त्या ओट्याची रुंदी जेमतेम अडीच फूट होती. डिझाइन असं काही नव्हतं. पण तिथे काम चालायचं. नुसतं बसायला जागा केली आणि तिथे कुणाला कामच नसेल, तर मावा खाऊन थुंकणारेच बसतील. हॉटेलातलं असं कुठलं काम आहे जे पुढे आणता येईल? भाज्या निवडणं? चादरींच्या घड्या?

रात्रपाळी
@पूर्वभाग, थुंकण्याबद्दल अनुभव सांगतो. लोक अंधाऱ्या कोपऱ्यात थुंकतात. कुणी बघत बसलंय, तिथे नाही थुंकत. आमच्या हॉटेलच्या डाव्या कोपऱ्यात जनरेटर आहे, तिथे कुणी बसत नव्हतं, आणि तोच कोपरा लाल असायचा. देवाच्या फरशा लावल्या, उपयोग शून्य. मग तिथे इस्त्रीवाल्याला टेबल दिलं. सहा महिने झाले, कोपरा साफ.

आणि पुढे आणता येईल असं काम म्हणजे नाश्ता. पोहे-उप्पीटाची कढई मागच्या किचनात कशाला पाहिजे?

जुनीमिल
वय ७४. टायपिंग नातवाचं.

आमच्या वेळी नवी पेठेत, स्टेशनजवळ जी लॉजेस होती, त्यांना वर लाकडी गॅलरी असायची. बाहेरगावचा व्यापारी संध्याकाळी बनियनवर गॅलरीत उभा राहून खाली पानवाल्याला हाक मारायचा. पान दोरीच्या पिशवीतून वर जायचं. आता त्या गॅलऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून बंद केल्यात, वर एसीची डबडी. खालच्या माणसाच्या डोक्यावर पाणी ठिबकतं, एवढाच काय तो वरच्या पाहुण्याचा आणि रस्त्याचा संबंध उरलाय. तळमजल्याचं एवढं बोलताय, पहिल्या मजल्याकडेही बघा. पहिल्या मजल्यावरून माणसाचा चेहरा ओळखू येतो, हाक पोचते. पाचव्यावरून नुसती टकली दिसतात.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या वाटेवर ज्याच्या घराला गॅलरी आहे, त्याच्याकडे त्या दिवशी किती पाहुणे निघतात हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

गिरणीचा भोंगा व्हायचा तेव्हा तर

(नातू : आजोबा भोंग्यावर गेले की तास जातो. इथेच थांबवतो.)

माळवद
नातवाचा निषेध. भोंगा पाहिजे.

हुरडा_पार्टी
भोंगा पाहिजे +१

कडकभाकरी
विषय भोंग्यावर जायच्या आत : तळमजल्यावर सोलापुरी चादरीचं दुकान टाका. जीआय मानांकन मिळालेलं आहे, पाहुणा जाता जाता घेऊन जातोय.

हुरडा_पार्टी
दुकान टाका, पण खोलीतही टाका म्हणावं. सोलापुरात राहायला येणारा माणूस पांढऱ्या पातळ बेडशीटवर झोपतो आणि चादर रेल्वे स्टेशनवर बघतो, ही काय पद्धत झाली?

पूर्वभाग
चादर मे महिन्यात अंगावर घेऊन दाखवा, मग बोलू :)
बाकी भिंतीवर चादर फ्रेम करून लावणं आणि रिसेप्शनला चरखा ठेवणं, हे कृपया नको. माग बघायचा असेल तर आमच्याकडे या, अजून खटखट चालू आहे.

विजापूरची_सून
मी वेगळ्या बाजूने लिहिते. गेल्या वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन सोलापुरात झालं. विजापूर, गुलबर्गा, धाराशिव, सगळीकडची माणसं दवाखान्यासाठी तुमच्या गावात येतात आणि आठ-आठ दिवस लॉजवर राहतात. पर्यटक फार थोडे असतात. तुमच्या हॉटेलाचं गिऱ्हाईक निम्मं आमच्यासारखं असणार, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आम्ही उतरलो होतो ते चांगलं होतं. स्वच्छ, एसी. पण लॉबीत डबा खायला मनाई, खोलीत जेवण मागवलं तर वेगळे पैसे, आणि बाहेर पाऊल टाकलं की थेट पार्किंग. पहाटे पाचला फोन आला की लगेच निघायचं असायचं, तेव्हा गेटचं कुलूप उघडायला वॉचमनला उठवायला लागायचं. रात्री दहाला दवाखान्यातून एकटी परत येताना शेवटचे शंभर फूट मी अक्षरशः पळायचे. कंपाउंडची भिंत एका बाजूला, उभ्या गाड्या दुसऱ्या बाजूला. ती भिंत हॉटेलच्या सुरक्षिततेसाठी होती म्हणे. माझ्यासाठी तीच सगळ्यात भीतीची जागा होती.

समोर चहाची गाडी होती, ती रात्री साडेअकरापर्यंत. तिच्या दिव्यापर्यंत पोचले की मी हळू चालायचे. चहावाल्या मावशी तिसऱ्या दिवसापासून विचारायला लागल्या, "कसं हाय आता सासऱ्यास्नी?" हॉटेलमधल्या कुणी आठ दिवसांत विचारलं नाही. त्यांची चूक नाही, त्यांना मी येता-जाता दिसतच नव्हते.

वेशीबाहेर
@विजापूरची_सून, हा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेटला रात्री कुलूप नको." सुरुवात तरी झाली.

रेखांश
कंपाउंड काढाच. पण आता माझ्याच बाजूची एक अडचण सांगते. मी ओसरी म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात सिंगापूर होतं. तिथे १८२२ च्या नगररचनेत नियमच केला होता की प्रत्येक दुकान-घराने पुढे छपराखालची वाट सोडायची आणि ती सगळ्यांना खुली ठेवायची. 'पाच फुटी वाट' म्हणतात तिला. आपल्या मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानी तशाच, पावसात फोर्टमधून अर्धं अंतर कोरडं चालता येतं. इटलीत बोलोन्याच्या अशा छपरी वाटा तर २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. पण हे सगळं चालतं, कारण शेजारीही तेच करतो. तुमच्या एकट्याची ५२ फुटांची कमान म्हणजे शेवटी पोर्चच. चालणारा डावीकडून येणार, तुमच्या ओसरीत चढणार, ५२ फुटांनंतर पुन्हा गटारावर उतरणार. म्हणून ओसरीची पातळी रस्त्याच्या जवळ ठेवा, नाहीतर कुणी चढणारच नाही.

काठीचा_आधार
पातळीचा विषय निघाला ते बरं झालं. आई वॉकर घेऊन चालते. अक्कलकोटला जाताना सोलापुरात मुक्काम करायचा, तर मी फोनवर आधी विचारतो "पायऱ्या किती?" उत्तर ठरलेलं : "दोनच आहेत साहेब." दोनच म्हणणाऱ्याला वॉकर माहीत नसतो. रॅम्पचा हिशेब एकास बारा. जोतं दोन फूट उंच ठेवलं तर रॅम्प २४ फूट लांब, म्हणजे तुमचं निम्मं तोंड गेलं. तेवढी जागा कुणी देत नाही, मग घसरगुंडी बांधतात आणि वर निळं चित्र लावतात.

रेखांश
बरोबर. त्यावर उपाय म्हणजे सगळं जोतं एकदम उचलायचं नाही. ओसरी आणि पुढचा खाण्याचा भाग रस्त्यापासून सहा इंचांवर, म्हणजे सहा फुटांचा रॅम्प पुरतो. पाणी शिरू नये म्हणून ओसरीच्या कडेला जाळीचं गटार. उरलेला दीड फूट चढ आत, लिफ्टकडे जाताना घ्या. तिथेही एकास बाराच, म्हणजे अठरा फूट, पण आत लांबी मिळते, वळवून घेता येतो. आणि ओसरीच्या कडेला दीड फूट उंच दगडी कट्टा. बसायला तेवढीच उंची बरी पडते आणि गाडी चढत नाही. कंपाउंडचं काम कट्टा करतो.

गाळेवाला
कट्ट्यावर टपोरी पोरं बसली की मग मला सांगा.

रात्रपाळी
बसतील. दोन दिवस बसतील. काउंटरवरचा माणूस समोर दिसत असेल तर तिसऱ्या दिवशी नमस्कार करतील. नाही केला तर मला बोलवा.

एक राहिलंच. ४० खोल्यांना नळाचं पाणी पुरणार नाही, टँकर येणार. लाँड्रीची गाडी, गॅस सिलिंडर, कचरा, सगळं येणार. तुमच्या प्लॉटला मागे रस्ता नसेल तर हे सगळं त्या सुंदर ओसरीतूनच जाणार. आराखड्यात टँकरचा पाइप कुठून येतो ते दाखवलंय का विचारा. कुणी दाखवत नाही.

वेशीबाहेर
नाही दाखवलेलं. आत्ता बघितलं. मागे रस्ता नाही, उत्तरेला चार फूट बोळ आहे फक्त.

माळवद
मग इनलेट उत्तर कोपऱ्यात घ्या, पाइप बोळातून. टँकर सकाळी सातच्या आत. आणि त्याच कोपऱ्यात एक रांजण ठेवा, पाणपोई. रस्त्याशी नातं जोडायचा याहून स्वस्त मार्ग सोलापूरच्या उन्हाळ्यात नाही. आर्किटेक्टला त्याचे पैसे देऊ नका.

हुरडा_पार्टी
अवांतर : पार्क चौपाटीची डिस्को भजी अजून तशीच आहे का? तीन वर्षं झाली गावाकडे येऊन.

कडकभाकरी
तशीच हाय. तूच बदललास, पोटाकडं बघ.

वेशीबाहेर
धागा वर काढतोय. दीड महिना झाला.

आर्किटेक्टला सगळं कळवलं. आधी थोडा नाराज झाला. मग एक दिवस स्वतः येऊन दुपारी चार ते सहा निंबाखाली बसला आणि परत जाऊन नवा आराखडा पाठवला. कंपाउंड गेलं. काच गेली, म्हणजे ओसरीच्या आत, सावलीत, दारापुरती राहिली. काउंटर दाराला लागून, तोंड रस्त्याकडे. पहिल्या मजल्यावर अरुंद गॅलरी आहे (जुनीमिल आजोबांना सांगा). एसीचे बाहेरचे डबे गच्चीवर. निंब तसाच, कट्टा त्याला वळसा घालून जातो.

@गाळेवाला, तुमचंही ऐकलंय. दक्षिणेला एक गाळा काढतोय, औषधांच्या दुकानासाठी, रात्री उघडं ठेवणाऱ्यालाच द्यायचा. बाकीच्या भाड्यावर पाणी सोडलं. वडील अजून मधूनमधून तो आकडा मोठ्यानं बोलतात.

चहावाल्याला मी आत ओसरीत कायमची जागा देऊ केली होती. मला वाटलं खूश होईल. तो म्हणाला, "आत आलो की भाडं आलं, भाडं आलं की चहा पंधराचा होतोय, मग रिक्षावाले जातेत." तो बाहेरच राहणार. फक्त बांधकामाच्या दोन वर्षांत गाडी कुठे लावू, एवढं विचारलंय त्यानं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पत्र्याचं कुंपण पूर्ण तोंडाला लागणार, आणि निंबाच्या बुंध्यालाही जपायचंय. कुणी अशा जागेवर काम केलं असेल तर कुंपण कसं घेतलं ते सांगा.

रेखांश
निंबाभोवती कुंपण आत वळवून घ्या, बुंध्यापासून निदान सहा-आठ फूट. मुळांवर वाळू-खडी टाकू देऊ नका, सिमेंटचं पाणी तर अजिबात नको. त्या खाचेत गाडी बसेल. माप पाठवा, रेखाटून देते.

रात्रपाळी
आणि खाचेत दिवा लावा. रात्री पत्र्याजवळून बायका जातात.

वेशीबाहेर
खाच ११ बाय ९ ची निघतेय. फोटो संध्याकाळी टाकतो.